कोलशेतच्या राळेतले कण

मामंजींशी मी थेट बोलत नसे. सुनेने सासऱ्यांसमोर उभे राहून बोलायची आमच्या घरी पद्धत नव्हती. काही सांगायचे झाले तर मी माजघराच्या दाराआडून सासूबाईंना सांगायची आणि त्या ते ओटीवर मामंजींना सांगायच्या. मामंजी दाराला लागूनच बसलेले असत. माझे शब्द त्यांना आधीच ऐकू गेलेले असत, तरी सासूबाईंचे सांगून होईपर्यंत ते वाट बघत. त्यातही सासूबाई माझेच शब्द सांगत असे नव्हे. मी म्हणायची, "तेल संपत आलंय." त्या सांगायच्या, "तेल संपलंय, आणि मागच्या खेपेचं खवट निघालं असं म्हणते ती." खवट मी म्हटलेले नसे. पण दाराआडून पुन्हा बोलायला माझी जीभ उचलत नसे, म्हणून ते तसेच राही.

हे आधी लिहिले, कारण पुढे जे झाले ते पुष्कळसे यातूनच झाले.

माझे माहेर कल्याणचे. तिथल्या मुलींच्या शाळेत मी चार इयत्ता शिकले आणि लग्न होऊन ठाण्याला आले. यजमान खानदेशात कचेरीत नोकरीला. वर्षातून दोनदा घरी येत. एरवी तळ्याजवळच्या त्या कौलारू घरात आम्ही तिघेच. मामंजी मराठी शाळेचे हेडमास्तर होते, आणि मी आले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना पेन्शन झाली. विलायतेला परत निघालेल्या एका डॉक्टरसाहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले. घरात आम्ही त्याला नळी म्हणत असू. खाली आरसा, वर नळी, मध्ये काच ठेवायची जागा. मामंजींना किती आनंद झाला होता. पण महिन्याभरातच कळले की त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. नळीतून बघितले की त्यांना सगळे ताकासारखे पांढरे दिसे.

त्यांनी सासूबाईंना बसवून पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "माझा एक डोळा मिटला की दुसरा आपोआप मिटतो. ते मला नाही जमायचं. तिला बसवा."

अशी मी खिडकीपाशी बसले. डोक्यावरचा पदर एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवायचा, आणि दिसेल ते पाटीवर काढायचे. काढून पाटी मामंजींकडे सरकवायची. ते ती नाकाशी नेऊन बघत. या कामात मला बोलावे लागत नसे, आणि मला ते सगळ्यांत आवडायला लागले ते त्यासाठीच. मामंजीही माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून शिकवत. फुलात जी पिवळी धूळ असते तिला पराग म्हणतात. प्रत्येक झाडाच्या परागाचा कण निराळ्या घडणीचा असतो. फूल कुजते, पान कुजते, पण हा कण चिवट असतो, आणि झाडाच्या चिकात किंवा राळेत अडकला तर हजारो वर्षे तसाच राहू शकतो. असे त्यांनी इंग्रजी पुस्तकात वाचले होते.

मग घरात येणाऱ्या प्रत्येक फुलाची धूळ काचेवर जाऊ लागली. त्याची मी एक वही केली. जास्वंदीचा कण काटेरी, भल्यामोठ्या गोखरूसारखा. भाताचा कण गुळगुळीत, एकच भोक असलेला. शेवगा, पांगारा, भोपळा, आंब्याचा मोहोर. सासूबाई म्हणायच्या, "देवाला वाहायच्या आधी फुलं ह्यांना दाखवायची, असा आता नवा नेम झालाय."

त्या वर्षी भाद्रपदात येऊरच्या डोंगरात कारवी फुलली. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. मध विकायला येणारी ठाकरीण कारवीचा एक मोठा झुबका घेऊन आली आणि म्हणाली, "बघून घे बाय. डोंगर निळा झालाय नुसता. आता सात सालं फुलायची न्हाय." तिचाही कण मी वहीत काढला. लांबट, आणि अंगावर उभ्या शिरा, दोडक्यासारख्या. वहीत दुसरा तसा एकही नव्हता.

पुढे दिवाळीनंतर हीच ठाकरीण मध घेऊन आली. सासूबाईंनी दोन बरण्या घेतल्या. तो गाळायचे काम माझेच. मामंजींच्या जुन्या धोतराचे एक फडके त्यासाठी ठेवलेले होते. मध गाळून मी फडके धुतले आणि स्वयंपाकघरामागच्या खुंटीला अडकवले.

मार्गशीर्षात कोलशेतचा एक मिठागरवाला आला. मामंजी त्याला अर्ज लिहून देत असत. खांद्यावरच्या टोपलीत त्याने फुटका रांजण आणला होता. म्हणाला, "मास्तर, खाडीचा बांध दुरुस्त करताना खाली गावला. लय जुना हाय. आत कायतरी दगडासारखं हाय, पन दगड न्हाय."

रांजणाच्या बुडाशी नारळाएवढा काळा गोळा चिकटलेला होता. मामंजींनी अडकित्त्याने कोपरा फोडला. आतून तो काकवीच्या रंगाचा निघाला. चिमटीभर निखाऱ्यावर टाकला तेव्हा सगळ्या घरभर देवळासारखा वास पसरला, आणि सासूबाई नकळत हात जोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वकील आले. मामंजींचे हे एकच स्नेही आणि एकच प्रतिपक्षी. गोळा हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, हा अरबस्तानातला ऊद. गलबतातून इथं उतरला. आपल्याकडे जे जे चांगलं, ते समुद्रावरून आलेलं."

"ही आपल्या डोंगरातली राळ," मामंजी म्हणाले. "इथून गलबतात चढायची होती."

"पुरावा?"

"तुमचा पुरावा?"

"माझा पुरावा हा की तुम्ही आणि मी आजवर इथून काय चढवलं? तुमच्या डोक्यावरची पगडीसुद्धा बाहेरची."

मामंजी हसले, पण मला माजघरातून दिसले की त्यांच्या अंगठ्याने बोटे मोजायला सुरुवात केली आहे. शांत नसले की ते असे करत. मुंबईत विद्वान मंडळींची एक सभा भरत असे. तिथे त्यांनी पूर्वी एकदा लेख वाचला होता. त्यांचे इंग्रजी उच्चार ऐकून मागच्या बाकांवरचे तरुण हसले होते. ही गोष्ट त्यांनी एकदाच, सासूबाईंना सांगितलेली मी ऐकली होती. तेव्हापासून पुन्हा तिथे उभे राहायचे, आणि असे काही घेऊन की कोणी हसणार नाही, हे त्यांच्या मनात होते.

राळ कुठली हे तिच्यात अडकलेल्या परागावरून बघायचे, म्हणून तिच्या पोटातला तुकडा घ्यायचा, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, मग कोमट पाण्यात धुवायचा, सालीचा कचरा आणि वाळू गाळून काढायची, आणि खाली बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घ्यायचा, असे ठरले. स्पिरिटची बाटली घरात आली तशा सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "दारू माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही."

"दारू नव्हे ती. औषध आहे."

"वास दारूचा आहे. पडवीत करा काय करायचं ते."

मला गाळायला फडके हवे होते. मी हळूच मागितले. सासूबाई आधीच तापलेल्या होत्या. त्यांनी खुंटीवरचे फडके काढून माझ्या अंगावर टाकले. "हे घे. सोवळ्यातलं एकही मिळायचं नाही. हे मधाचं आहे, पण आता त्या दारूला लागलं की परत आत आणू नकोस."

मधाचे आहे हे मी ऐकले. कोरे घ्यावे का, असे क्षणभर मनात आले देखील. पण ते विचारायचे म्हणजे सासूबाईंकडूनच विचारायला हवे होते, आणि त्या वेळी त्यांना ते कसे सांगणार? मी फडके घेतले आणि पडवीत गेले.

तिसऱ्या दिवशी, साल आणि मातीच्या कचऱ्यात, काचेच्या कडेला मला दोडका दिसला. मग दुसरा. दुपारपर्यंत आठ. मी एक मोठा काढला, शिरा नीट दाखवल्या, आणि पाटी सरकवली. मामंजींनी ती नाकाशी धरली. पुष्कळ वेळ बघितली. मग भिंतीला म्हणाले, "कारवी?"

मी वहीचे ते पान उघडून एका बोटाने पुढे ढकलले.

ते उठले आणि पगडी न घालताच वकिलांकडे गेले. बोडक्या डोक्याने रस्त्यावर गेलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी दोघे ओटीवर बसले तेव्हा मामंजी सारखे एकच वाक्य म्हणत होते, "कारवी अरबस्तानात होत नाही, वकील."

"होत नाही," वकील म्हणाले. "कबूल. पण मास्तर, ज्यानं पाहिलं त्याचे डोळे तपासायला हवेत."

"डोळे आमच्या सुनेचे आहेत."

"मग प्रश्न मिटला," वकील म्हणाले, आणि माजघराच्या दाराकडे बघून त्यांनी नमस्कार केला. मी दाराआड आणखी मागे सरकले. पण त्या संध्याकाळइतका आनंद मला त्या घरात तोवर कधी झाला नव्हता.

पुढचे दोन महिने लेख लिहिण्यात गेले. मामंजी मोठ्या अक्षरात लिहीत, मी आकृत्या शाईने काढत असे. सभेचे पत्र आले. फाल्गुनातला एक शनिवार ठरला. मामंजींनी नवा अंगरखा शिवायला टाकला. सासूबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत, "मुंबईला बोलावलंय त्यांना. साहेब लोक ऐकायला येणार."

त्या आठवड्यात मंगळवारी मामंजींना खोकला झाला. सासूबाईंनी मला मधात लेंडीपिंपळीचे चूर्ण कालवायला सांगितले. वाटी देऊन मी परत आले तेव्हा बोटाला थोडा मध राहिला होता. दुपार होती, दोघे आडवे झाले होते. तोवर मला एक खोड लागली होती. हाताला काही लागले की ते काचेवर लावून बघायचे. हळद बघितली होती, पीठ बघितले होते, खिडकीवरची धूळ बघितली होती. मध मात्र कधी बघितला नव्हता. मी त्यात पाण्याचा थेंब घातला, वर अभ्रकाचा पापुद्रा ठेवला आणि डोळा लावला.

दोडकेच दोडके. भाजीवालीने टोपली उपडी करावी तसे.

आधी वाटले, काचच चुकली. जुनी काच उचलली असेल. मी ती राखेने घासली, तीनदा धुतली, आणि पुन्हा मध घेतला. तेच. मग मला खुंटी आठवली, आणि ते अंगावर पडलेले फडके.

फडके अजून पडवीत वळचणीला खोचलेले होते. मी त्याचा कोपरा फाडला, वाटीत भिजवला, पिळला. पाणी बसू दिले. तेवढा वेळ मी अंगणात तुळशीभोवती चालत राहिले, प्रदक्षिणा म्हणून नव्हे, एका जागी उभे राहवेना म्हणून. मग थेंब घेतला. त्यात दोडके होते. धुतलेल्या फडक्यात, इतक्या महिन्यांनी, ते धाग्यांत अडकून बसले होते.

म्हणजे राळेत कारवी नव्हती. मधात होती. कोलशेतच्या रांजणात मी गेल्या भाद्रपदातली येऊरची फुले ओतली होती.

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठं आहे?" शनिवारला चार दिवस होते. मामंजी ओटीवर लेख मोठ्याने वाचत होते. प्रत्येक इंग्रजी शब्द ते दोनदा उच्चारत, एकदा हळू, एकदा सभेतल्यासारखा. तो आवाज स्वयंपाकघरात येई आणि माझ्या हातातले काम थांबे. मी काही बोलले नसते तर कोणाला कळले असते? मुंबईत कोणी आमच्या खुंटीवरचे फडके बघायला येणार नव्हते. हा विचार मी किती वेळा केला ते मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते. पण कोणी विद्वान उठून विचारील, गाळले कशातून, आणि मामंजी खरे ते सांगतील, धोतराच्या फडक्यातून, मधाच्या, आणि त्या मागच्या बाकांवरून पुन्हा हसू येईल, हेही मला दिसत होते. आणि कोणी नाही विचारले तरी ते माझ्या आकृतीवर बोट ठेवून खोटे सांगतील, आणि त्यांना ते खोटे आहे हे माहीत नसेल. ते मला अधिक सोसेना.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई आणि मी तांदूळ निवडत होतो. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांना कण वगैरे समजले नाही, पण फडके समजले. त्यांची बोटे तांदळात थांबली.

"फडकं मी दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग आता?"

"मामंजींना सांगायला हवं."

त्या बराच वेळ खडे शोधत राहिल्या. ताटात खडा नव्हता. मग म्हणाल्या, "शाळा सुटल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी रिकामा बसायचा. भिंतीकडे बघत. मी पाहिलंय ते, तू नाही. आता जरा माणसात आलाय. तू काही सांगू नकोस. कोण बघतंय तुझ्या त्या दोडक्यांना?"

"पण ते खोटं आहे."

"खोटं तू मुद्दाम केलंस का? मी केलं का? मग झालं तर. आणि त्या फडक्याचं नाव परत काढू नकोस."

याचा अर्थ असा की आता माझा निरोप पुढे जाणार नव्हता. घरात बोलायची जी एक वाट होती ती बंद झाली.

गुरुवारी मला वाटले, पाटी आहे. पाटीला तोंड लागत नाही. मी पाटीचे दोन भाग केले. डावीकडे राळेतला कण काढला, उजवीकडे मधातला, आणि उजव्याखाली 'मध' असे लिहिले. पाटी मामंजींच्या लेखाजवळ ठेवून मी आत पळाले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. ते सासूबाईंना म्हणत होते, "पोरीनं अक्कल लढवली. मधातसुद्धा कारवी सापडते असं दाखवलंय. म्हणजे कारवी आपल्याच डोंगराची, याला दुजोरा. हेही लेखात घालतो."

मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून राहिले. सोडवायला गेले आणि गाठ आणखी घट्ट झाली.

शुक्रवारी सकाळी वकील आले. दुसऱ्या दिवशी मामंजी अकराच्या गाडीने जाणार होते. वकीलही त्यांच्याबरोबर जाणार होते. लेख एकदा शेवटचा वाचायचा होता. मामंजी उभे राहून वाचू लागले. नवा अंगरखा त्यांनी घालून बघितला होता, खांद्यावर अजून शिंप्याचा खडू होता. वकील तक्क्याला टेकून ऐकत होते आणि मध्ये मध्ये म्हणत होते, "हळू, मास्तर. मुंबईचे लोक आहेत, पळून नाही जाणार." मधाचा परिच्छेद आला. मामंजींनी पाटीवरून घेतलेले ते वाक्य वाचले.

मी दारात होते. दाराआड नव्हते. कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. डोक्यावरचा पदर हाताने घट्ट धरलेला होता इतके आठवते.

"मामंजी," मी म्हणाले, "ते मधातलंच आहे."

मामंजींनी कागद खाली केला आणि सवयीने सासूबाई कुठे आहेत ते बघितले. त्या माझ्या मागे, आत होत्या.

"राळेत कारवी नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला, शाळेत कविता म्हणताना लागायचा तसा. "ज्या फडक्यातून गाळलं ते मधाचं होतं. मी फडकं भिजवून बघितलं. त्यात तेच कण आहेत. सगळे तिथून आलेत."

वकील तक्क्यावरून सरळ झाले. मामंजींच्या अंगठ्याने बोटे मोजायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा.

"मधाचं फडकं कोणी घेतलं?" त्यांनी विचारले.

"मीच," मी म्हणाले.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "तिनं घेतलं नाही. मी दिलं. तिनं फडकं मागितलं, तुमच्या दारूला मी चांगलं दिलं नाही."

"दारू नव्हे ती," मामंजी म्हणाले. हे त्यांनी इतक्या सवयीने म्हटले की वकिलांना हसू आले, पण त्यांनी ते गिळले. मग मामंजी खाली बसले. म्हणाले, "म्हणजे अरबस्तान खरा."

"तसंही नाही," वकील म्हणाले, आणि हे त्यांच्याकडून मला अपेक्षित नव्हते. "कारवी गेली म्हणून ऊद आला असं होत नाही. उद्या अकरापर्यंत वेळ आहे, मास्तर. पुन्हा बघा."

तुकडा फोडायचे काम सासूबाईंनीच केले. त्यांनी हात धुतले, नवी वाटी काढली, आणि स्पिरिटची बाटली दोन बोटांत धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणून दिली. या वेळी गाळले नाही. नुसते बसू दिले. शनिवारी सकाळी ऊन खिडकीत येताच मी बसले. मामंजी मागे उभे होते. एकामागून एक चार काचा बघितल्या. साल, वाळू, हवेचे बुडबुडे. दोडका एकही नाही.

पाचव्या काचेवर एक कण होता. एकच. तीन कोपऱ्यांचा, अंगावर बारीक जाळी, माशाच्या जाळ्यासारखी. मी तो काढला. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. तो वहीत नव्हता.

"ओळखीचा?" मामंजींनी विचारले. या वेळी भिंतीला नाही.

"नाही," मी म्हणाले.

ते अकराच्या गाडीने गेले. रात्रीच्या जेवणाला परतले तेव्हा अंगरख्यावरचा खडू तसाच होता. पाटावर बसून त्यांनी सासूबाईंना सांगितले, "लेख वाचला नाही. चूक कशी झाली तेवढं सांगितलं, आणि एक कण सापडलाय, तो कोणता ते ठाऊक नाही, असं सांगितलं. एकानं विचारलं, फडकं कशाचं होतं? मी म्हटलं, माझ्या धोतराचं."

"मग?"

"हसले."

"सगळे?"

"वकील नाही हसले," मामंजी म्हणाले आणि भाताला हात लावला.

त्यांनी मला शाबासकी दिली नाही. रागावलेही नाहीत. महिनाभर नळीवर फडके पडून होते, आणि ते रोज संध्याकाळी पूर्वीसारखे ओटीवर रिकामे बसत. सासूबाईंनी तेवढे दिवस मला पाणी भरायला एकटीला पाठवले. मी बरे केले की वाईट केले, याचा मी कळशी घेऊन जाताना आणि येताना विचार करी, आणि दोन्ही वेळा उत्तर निराळे येई.

चैत्रात एका सकाळी मामंजी माजघराच्या दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, तळ्यावरच्या सावरीला अजून एक फूल राहिलंय. बघायचं का?" सासूबाई तिथेच भाजी चिरत होत्या. त्यांनी वर बघितले नाही. मी म्हणाले, "हो." त्यानंतर आमचे निरोप सासूबाईंमार्फत जाईनासे झाले. त्या मात्र कधी कधी म्हणायच्या, "माझं काम गेलं बाई."

तो कण सावरीचा नव्हता. पळसाचा नव्हता, धूप देणाऱ्या सालईचाही नव्हता, सालईची फुले त्या ठाकरणीने दोन वर्षांनी आणून दिली. वकिलांचा एक अशील कल्याणचा, त्याची गलबते एडनपर्यंत जात. वकिलांनी त्याच्याकडून तिकडच्या उदाच्या झाडाची वाळलेली फांदी मागवली, मोहोरासकट, आणि ती ओटीवर ठेवून म्हणाले, "घ्या. आता माझा निकाल होऊन जाऊ दे." मी दोन दिवस बघितले. तोही कण तो नव्हता. वकिलांचा चेहरा मामंजींच्या त्या दिवसाच्या चेहऱ्यासारखा झाला. मामंजी हसले नाहीत. "चला, दोघेही बुडालो," इतकेच म्हणाले आणि चहा सांगितला.

मामंजींना जाऊन आता काही वर्षे झाली, त्यांच्यामागून सासूबाईही गेल्या. नळी माझ्याकडे आहे. राळेचा उरलेला तुकडा मी कोऱ्या फडक्यात ठेवते, मधाच्या बरणीपासून लांब. वहीत आता पुष्कळ पाने झाली आहेत, आणि त्या तीन कोपऱ्यांच्या कणाचे पान एकटेच आहे, वर नाव नाही. तो कण खरोखर राळेतला होता, की आणखी कशाने आला, माझ्या पदराने, वाटीने, खिडकीतल्या वाऱ्याने, हेही मला सांगता येत नाही. म्हणून चैन पडत नाही. कोणाच्या परसात अनोळखी फूल दिसले की मी बोलत नाही, पण थांबते. मग त्या घरची बाई विचारते, "काय हवंय?" आणि मला सांगावे लागते.

आज सकाळी शेजारणीने डोंबिवलीहून तिच्या बहिणीच्या वाडीतल्या कुंपणाची फुले आणली. पिवळी, बारीक, वासाची. नाव तिला ठाऊक नाही. पेल्यात घालून खिडकीत ठेवली आहेत. पीठ मळून झाले, आता भाकरी टाकायच्या आहेत, आणि खिडकीतले ऊन सरकत चालले आहे.